वैशाली का हसत होती

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे दात फार दुखायचे.

खरं तर आमचा दवाखाना मनोविकारांचा. जळगावात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आणि वर जायला जिना एकच. त्यामुळे गावाकडून येणारी बाई घरात, गल्लीत, एसटीत सगळ्यांना सांगायची, "दातांच्या डॉक्टरकडे चालली." खालच्या दातांच्या डॉक्टरांना जवळच्या असोदा गावातल्या एका लग्नात कुणीतरी बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, आमच्या गावच्या बायकांच्या दातांना झालंय तरी काय? पाण्यात काही दोष आहे का?" डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, "तपासावं लागेल." दुसऱ्या दिवशी वर येऊन हे सांगताना ते इतके हसले, की आमच्या वेटिंगमधल्या पेशंटना वाटलं, हा नवीन पेशंट दिसतो.

मी तिथे सिस्टर होते. आधी बरीच वर्षं धुळ्याला सरकारी मनोविकार वॉर्डात काढली, तिथून निवृत्त झाले, घरी करमेना, म्हणून जळगावला लेकाकडे आल्यावर आमच्या डॉक्टर मॅडमकडे लागले. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून तेही सोडलं. लोकांना वाटतं, वेड्यांच्या दवाखान्यात काम म्हणजे सिस्टर रोज मार खात असणार. मला उभ्या आयुष्यात एकदाच कुणी मारलं, तेही एका पेशंटच्या नणंदेनं. पेशंट मला सोडवायला मध्ये पडली होती.

आमच्या कामातलं निम्मं काम बोलण्याचं. मॅडम तपासायच्या, औषध ठरवायच्या. मग बाई माझ्या टेबलाशी यायची आणि खरे प्रश्न तिथे निघायचे. गोळी उपासाला चालते का? गोळीवर वांगं चालतं का? पाळीच्या चार दिवसांत घ्यायची का? जन्मभर घ्यावी लागेल का? सासूला गोळी कशाची म्हणून सांगू? मी सांगायचे, बाई, उदासीची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी नव्हे, आज घेतली आणि तासाभरात उतरलं असं होत नाही. तिला लागू पडायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. त्याआधी तोंड कोरडं पडेल, झोप येईल, आणि वाटेल की बंदच करावी. करू नको. आणि बरं वाटायला लागलं की तर मुळीच करू नको. बहुतेक जणी तिथेच चुकतात. बरं वाटतं ते गोळीमुळे, आणि बरं वाटतं म्हणून गोळी बंद!

पेशंट कोण, हेही कधी कधी शोधून काढावं लागायचं. सोनगीरची एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. केसपेपरवर नाव नवऱ्याचं. मॅडमनी त्याला विचारलं, "झोप लागते?" तो म्हणाला, "मस्त." बाई घाईनं म्हणाली, "मॅडम, त्यांना पहाटेच जाग येते. उठावंसंच वाटत नाही. भाजी चिरता चिरता रडू येतं." नवरा चकित होऊन तिच्याकडे बघायला लागला. "मले?" बाई मान खाली घालून म्हणाली, "विहिरीजवळ गेलं की भीती वाटते त्यांना." मॅडमनी त्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि केसपेपर बदलला. तो भला माणूस पुढे प्रत्येक वेळी आला, पेशंटच्या रुबाबात बाहेर बसला आणि चहा प्याला. एके दिवशी आत डोकावून म्हणाला, "मॅडम, आते मन्हं बरं शे. काल ती गानं म्हनी राहिंती."

पण मला आज सांगायचं आहे ते वैशालीचं.

वैशाली शिंदखेड्याकडची लेक, असोद्याला दिलेली. नवरा प्रमोद केळीच्या गाड्या भरून पाठवायचं काम बघतो. सासरे नाना, शांत माणूस, ओट्यावर बसून सुपारी कातरणारे. आणि सासू सिंधूअक्का. अक्कांबद्दल एवढंच सांगते, की त्या गल्लीत आल्या की कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची.

वैशालीला पहिला मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत तिच्यात काहीतरी सुरू झालं. ती झोपेना. थकेना. डबे घासले, माळा झाडला, शिंदखेड्यापासून सुरतेपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. केळीच्या वेफर्सचा कारखाना काढायचा म्हणून गल्लीतल्या बायकांना कामावरसुद्धा घेऊन टाकलं. घरातल्यांना आधी कौतुकच वाटलं. सून कामाची निघाली! मग थंडीच्या दिवसांत एकदा ती बाळाला घेऊन जळगावला आली आणि परतताना अख्ख्या एसटीला भरीत पार्टीचं आमंत्रण देऊन आली. "रविवारी या बरं बठ्ठा. असोद्याचं वांगं शे, चुकवू नका." आणि आमंत्रण देण्याच्या भरात बाळ एका अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवून कंडक्टरशी गप्पा मारत खाली उतरली. बस हलली तशी ती बाई ओरडली. कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली आणि बाळ खिडकीतून आजोबांच्या हातात आलं. नाना नेमके थांब्यावर होते म्हणून. त्या दिवशी नानांच्या हातून सुपारी कातरली गेली नाही.

आणि रविवारी लोक आले! भरीत म्हटल्यावर आमच्या खान्देशात कोण घरी बसतो? एसटीतले आले, त्यांचे पाहुणे आले, कंडक्टर सुट्टी टाकून आला. अक्का दारात उभ्या. "आमच्याकडे काही नाही, परत जा" म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी पदर खोचला, नानांना वांग्यांसाठी पिटाळलं, अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, लाकडी बडगीत भरीत ठेचलं आणि सगळ्यांना जेवू घातलं. शेवटचा पाहुणा ढेकर देऊन गेला आणि अक्का चुलीशी बसून रडल्या. सोमवारी सकाळी सुनेला घेऊन त्या आमचा जिना चढल्या.

"काय होतंय?" मी विचारलं.

"हिचे दात दुखू राहिले," अक्का ठणकावून म्हणाल्या.

वैशाली खळाळून हसली. "मन्हा नही सिस्टर, यास्नं डोकं दुखी राहिनं. मन्हामुळे!"

असं हसणं मी वॉर्डात पुष्कळ ऐकलं होतं. ऐकणाऱ्याला सुद्धा हसू येतं, पण त्या हसण्याला खाली तळ नसतो. ती बोलत होती ते एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. डोळे लाल. ओठ सुकलेले. ओटीत बाळ भुकेनं रडत होतं ते तिला ऐकूच येत नव्हतं.

मॅडमनी तिला ठेवून घेतलं. अक्कांना समजावून सांगितलं, की हा मनाच्या चढ-उताराचा आजार आहे. बाळंतपणानंतर काही जणींना असा एकदम उसळतो. कुणाची करणी नाही, आणि माहेरच्या संस्काराचाही दोष नाही. अक्का ऐकून घेत होत्या. मग एकच बोलल्या, "मंग पार्टीच्या दिवशी मी हिले लई बोलली ते?" मॅडम म्हणाल्या, "तिला आठवणार नाही." "मले आठवेल ना," अक्का म्हणाल्या.

झोप आली तसा वैशालीचा आजार उतरणीला लागला. बाळाला वरचं दूध सुरू झालं. पुढे मॅडमनी तिला लिथियम सुरू केलं. हे औषध फार गुणी आणि फार मानी. मुळात एक प्रकारचं मीठच. भाजीतल्या मिठासारखं त्याचं गणित, कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर घात. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ आपल्या मनानं तोडायचं नाही, उलट्या-जुलाब झाले तर लगेच फोन करायचा. हे सगळं मी वैशालीला सांगितलं, प्रमोदला सांगितलं, अक्कांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि भाद्रपदात हरतालिका आली.

उपास निर्जळी. अक्कांच्या घरात तो कुणी कधी मोडलेला नाही. वैशालीनं विचारलं होतं, "आत्याबाई, पानी पिऊ का?" अक्का म्हणाल्या होत्या, "नवऱ्यासाठी एक दिवस नही राहवत का?" आणि ती राहिली. गोळ्या मात्र इमानानं घेतल्या, घोटभर पाण्याबरोबर, तेवढ्याचीही देवाला माफी मागून. दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. प्रमोदनं तिला गाडीत घालून आणलं तेव्हा ती मला "सिस्टर" म्हणू शकत नव्हती. अंगात पाणी कमी पडलं की हे औषध रक्तात साठत जातं. मोठ्या दवाखान्यात सलाईन लागलं, लिथियम थांबवलं, परत परत रक्त तपासलं. त्या दोन दिवसांत आमच्या मॅडमचा चेहरा मी बघत होते. त्या घरी जेवायलाही गेल्या नाहीत, म्हणजे गंभीर होतं.

वैशालीनं तिसऱ्या दिवशी स्पष्ट आवाजात चहा मागितला. साखर जास्त टाका म्हणाली. मॅडम खोलीतून बाहेर आल्या तशा अक्का बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पुढल्या सालापासून हिचा उपास मी करीन. माह्या बी अन् हिचा बी."

मॅडम म्हणाल्या, "अक्का, एका दिवसात दोन उपास कसे करणार?"

"दुप्पट उपाशी राहीन!"

मॅडम तशाच वळल्या आणि शेजारच्या तपासणीच्या खोलीत गेल्या. दार लावल्यावर आतून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मी विचारलं नाही. मी स्वतः तिथल्या वॉर्डातल्या औषधांच्या कपाटात तोंड घालून उभी होते.

तेव्हापासून अक्का आमच्या झाल्या. गल्लीत कुणाची सून गप्प झाली, कुणाची लेक जेवेनाशी झाली, की अक्का तिचं मनगट धरणार आणि म्हणणार, "चाल, तुह्या दात दुखू राहिला." तिनं कितीही सांगितलं की नाही दुखत, तरी उपयोग नाही. एकदा त्यांनी जिला आणली तिचा दात खरंच दुखत होता. ती बिचारी वर तासभर आपलं मन मोकळं करून, मग खाली जाऊन दाढ काढून घेऊन गेली. दोन्हीकडे बरं वाटलं म्हणाली.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. स्थळ बघायला येणार म्हणून आईबापांनी मुलीच्या गोळ्या नाल्यात टाकल्या, पुन्हा आजार उसळला आणि मुलगी सासरहून परत आली, अशा लेकी मी धुळ्यातही पाहिल्या, जळगावातही पाहिल्या. काही जणी फार उशिरा आल्या. काही जणी जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या, त्यांची तोंडं मला अजून आठवतात. पण दिवाळी अंकात लिहायला सांगितलंय, आणि दिवाळीत मी बरी झालेलीचीच गोष्ट सांगणार.

वैशाली बरी झाली. औषधाचा डोस जुळला, महिने गेले, वर्ष गेलं, मुलगा बालवाडीत जाऊ लागला. पण एक नवीनच दुखणं सुरू झालं. ती माझ्या टेबलाशी बसून म्हणाली, "सिस्टर, मी हसनू ते गोळी, रडनू ते गोळी. हातमाईन भांडं पडनं तरी गोळी ली का म्हनतस. टीव्हीवर काही गंमत उनी अन् मी हसनू, का तिघं जन मन्हाकडे पाहतस. आते मी मोरीमां जाईसन हसस."

मोरीत जाऊन हसते! मी त्या दिवशी घरी जाताना हेच मनात घोळवत गेले. घरच्यांचंही चुकत नव्हतं. आम्हीच त्यांना शिकवलं होतं, झोप कमी झाली का बघा, बोलणं वाढलं का बघा, हसणं वाढलं का बघा. खिडकीतून बाळ घेतलेला माणूस सुनेच्या हसण्याला दचकणारच. मी प्रमोदला आणि अक्कांना बोलावून सांगितलं, की नुसतं हसू बघू नका, आधी झोप बघा. रात्री नीट झोपली असेल, तर दिवसा हसू द्या. अक्का "हो" म्हणाल्या. पण डोळे हो म्हणत नव्हते.

मग तिला दुसरं मूल हवं झालं. एका मावशीनं लगेच सल्ला दिला, "सगळ्या गोळ्या बंद कर, मग दिवस राहू दे." वैशाली शहाणी. ती आधी आमच्याकडे आली. मॅडमनी आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं, कुठलं औषध बदलायचं, कुठलं चालू ठेवायचं, कधी कधी तपासायचं. काही औषधं पोटातल्या बाळाला बाधतात, काही तेवढी बाधत नाहीत. आणि आजार उसळला तर तो आईलाही बाधतो, बाळालाही. ही तारेवरची कसरत त्या दोघींनी शेवटपर्यंत केली. मॅडम मला म्हणाल्या, "सिस्टर, खरी परीक्षा बाळंतपणानंतर. पहिले काही आठवडे तिची झोप मोडता कामा नये."

मुलगी झाली. अक्कांनी जाहीर केलं, "रातचं लेकरू माह्याजवळ. वैशालीनं वरच्या खोलीत झोपायचं. कोणी जिना चढला तर पाय तोडीन." आणि नातीला रात्री वरचं दूध पाजत, पाळणा हलवत त्या जागायला लागल्या. आठवडाभर सगळं सुरळीत.

मग एका सकाळी प्रमोदचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "सिस्टर, ती हसू राहिली. सकाळपासून. थांबतच नही. काय झालं विचारलं तर अजून हसते. मॅडमचा फोन लागत नही."

मॅडम त्या दिवशी धुळ्याला होत्या. मी रिक्षा केली. असोद्याचा रस्ता तसा किती? पण त्या दिवशी पुढे केळीच्या गाड्या, समोरून कपाशीचे ट्रॅक्टर, आणि माझ्या डोक्यात ती एसटीची खिडकी. मी मनाशी सगळं जुळवत होते. आत्ता नेलं तर कुठे न्यायचं, बाळाचं काय करायचं, अक्कांना काय सांगायचं. एवढं सगळं सांभाळलं आणि तरी उसळलं, मग आम्ही करायचं तरी काय?

घरात सुतकासारखी शांतता. नाना ओट्यावर, प्रमोद दारात. अक्का खाटेशी घट्ट बसलेल्या, वैशालीचा हात धरून. आणि वैशाली पदराचा बोळा तोंडात कोंबून गदगदा हलत होती. मला बघितलं आणि तिला पुन्हा उकळी फुटली.

"सगळे बाहेर जा," मी म्हणाले. अक्का उठेनात. "अक्का, तुम्हीसुद्धा."

दार लावलं. तिच्या समोर बसले. डोळे पाहिले. पांढरे स्वच्छ, पाण्यानं भरलेले. "रात्री झोपलीस?"

मान हलली. हो.

"किती वेळ?"

"उजाडेपावत," ती कशीबशी म्हणाली. "सिस्टर, मी बरी शे. आईनी आन. पन यास्ना समोर कशी सांगू?"

"काय?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. पहाटे नानांनी बाळ रडलं म्हणून पाळण्यातून उचललं आणि ओट्यावर नेलं. अक्का अर्धवट झोपेत. सकाळी वैशाली जिन्यावरून खाली येते तर अक्का पाळणा हलवताहेत, गाणं म्हणताहेत आणि पाळण्यात बाळाच्या कडेला ठेवायचा लोड, झोपेतच त्यांनी दुपट्यात गुंडाळून टोपी घातलेला. अक्का त्या लोडाला थोपटत होत्या. त्याची टोपी सारखी करत होत्या. शेजारची काकू परसदारानं बाळाला बघायला आली, तर अक्कांनी तोंडावर बोट ठेवून तिला दारातूनच परत पाठवली. "आत्ता कुठं झोपली व माय. रातभर लई छळलं."

"मी कशी सांगू सिस्टर? रातभर मन्हासाठी जागी राहिन्यात त्या. सांगं तर त्यास्ना जीवले लागी. नही सांगं तर मी येडी!"

मी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. शपथ घेऊन सांगते, केला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पेशंटसमोर कधी तोल गेला नव्हता. पण "टोपी सारखी करत होत्या" हे डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. मी खाटेवर आडवी झाले. वैशालीनं मला धरलं आणि तीही माझ्यावर पडली. आमच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात प्रमोदनं काळजीनं दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि तसंच लोटून घेतलं. बाहेरून त्याचा आवाज आला. मॅडमचा फोन नेमका तेव्हाच लागला होता.

"मॅडम, लवकर या. सिस्टरले बी झालं!"

त्यानं फोन माझ्या हातात आणून दिला. मॅडम विचारताहेत, "सिस्टर, काय चाललंय तिकडे?" आणि मला शब्द फुटेना. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, "ती झोपली होती का रात्री?"

"हो मॅडम. उजाडेपर्यंत."

"मग हसू द्या तिला," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही पाणी प्या."

मी डोळे पुसले आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की वैशाली ठणठणीत आहे, तिला नुसतं हसू आलंय, माणसाला येतं तसं. प्रमोद मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अक्का मात्र हलल्या नाहीत. त्यांना कारण हवं होतं.

"काऊन हसली व तू?" त्यांनी सुनेला विचारलं. "सांग. मी रागावत नही."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मग सासूजवळ गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. पाळणा, दुपटं, टोपी, शेजारची काकू, सगळं. अक्कांनी सावकाश वळून पाळण्यातल्या लोडाकडे पाहिलं. मग ओट्यावर नानांच्या मांडीवर झोपलेल्या नातीकडे पाहिलं. मग परत लोडाकडे.

"तरीच म्हनलं," अक्का म्हणाल्या, "पोरगी आज इतकी गुनाची कशी झाली!"